पोटुशी वेल आणि कात्री

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले ती १९९१ साली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घराला चुना द्यायचं ठरलं आणि रंगाऱ्यानं सांगितलं, की परसातल्या भिंतीवरची वेल उतरवल्याशिवाय तिथं कुंचला लागणार नाही. ते काम नव्या सुनेकडे आलं. विळा घेऊन मी स्टुलावर चढले आणि डावीकडून सुरुवात करून निम्मी भिंत मोकळी केली. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. विळा माझ्या हातून घेतला आणि म्हणाल्या, "अगं, पोटुशी हाय ती. आता कापलीस तर संक्रांतीला काय बघायचं?" उरलेली निम्मी वेल रंगाऱ्यानं बांबूनं उचलून धरली आणि तिच्यामागून चुना मारला.

ती संक्रांतवेल होती. जानेवारी उजाडला तेव्हा भिंतीच्या उजव्या भागावर नारिंगी फुलांचे झुबके इतके आले, की पानं दिसेनात. डावीकडे, जिथं माझा विळा फिरला होता तिथं, नुसता कोवळा हिरवा पाला. मूळ एकच, माती एकच, पाणी तेच, ऊनही तेच. फरक होता तो ऑक्टोबरमधल्या एका दुपारचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या भिंतीकडे बघून हसल्या. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं, आणि त्याच महिन्यात मी पहिली वही घातली.

तेव्हापासून घरच्या, माहेरच्या आणि शेजारपाजारच्या वेलींच्या नोंदी मी ठेवत आले आहे. कात्री कोणत्या दिवशी लागली, फूट कधी आली, पहिली कळी कधी दिसली, एवढंच त्यात असतं. वनस्पतिशास्त्र मी शिकलेली नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि खतं-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिण्याची बावीस वर्षांची नोकरी हे माझं भांडवल. अशा दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसलं, की शेतकऱ्यांच्या तोंडून पुस्तकात न सापडणारं बरंच काही कानावर पडतं. त्यातलंही थोडं या लेखात आलेलं आहे.

प्रश्न साधा आहे. फुलवेलीला कात्री कधी लावायची? बागकामाच्या मराठी सदरांमध्ये याचं उत्तर महिन्यांत दिलेलं असतं. फेब्रुवारीत हे करा, मार्चमध्ये ते करा. हे महिने कुठून आले, याचा शोध घेता घेता मी एका परदेशी वेलीपाशी पोचले. तिचं नाव क्लेमॅटिस.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते नांदेडला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकात. पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं गेलेली होती, त्यामुळे लेखक कोण ते कळलं नाही. पण वेलींवरचं प्रकरण शाबूत होतं आणि त्यातली निम्मी पानं क्लेमॅटिसवर खर्ची पडली होती. इंग्रजी बागांमध्ये या वेलीचं कौतुक आपल्याकडच्या मोगऱ्याइतकं. तिच्या जगभरात तीनशेच्या आसपास जाती आहेत. फुलात आपल्याला ज्या रंगीत पाकळ्या वाटतात त्या खऱ्या पाकळ्या नसतात, ती निदलं असतात. वेलीला तणावे नसतात. पानाचा देठच आधाराभोवती गुंडाळला जातो आणि वेल वर चढते. डार्विननं १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवर जो दीर्घ निबंध लिहिला, त्यात देठानं चढणाऱ्या वेलींचा वेगळा वर्ग केला आणि त्यात क्लेमॅटिसच्या कितीतरी जाती तपासल्या. इंग्लंडातल्या सरे परगण्यात वोकिंग गावी जॅकमन नावाचं रोपवाटिकावाल्यांचं घराणं होतं. त्यांनी १८५८ साली केलेल्या संकरातून गर्द जांभळ्या फुलांची वेल तयार झाली आणि १८६२ साली फुलली. ती आजही 'जॅकमनी' या नावानंच विकली जाते. आणखी एक लोकप्रिय जात म्हणजे पांढऱ्या-गुलाबी फुलांची मोंटाना. ही मूळची हिमालयातली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नीनं ती १८३१च्या सुमारास इंग्लंडला नेली. म्हणजे इंग्रजांच्या भिंतींवर डौलानं मिरवणारी ही वेल आपल्याच उत्तरेची माहेरवाशीण आहे.

त्या प्रकरणात छाटणीसाठी क्लेमॅटिसचे तीन गट केले होते. पहिल्या गटात वसंताच्या सुरुवातीला फुलणाऱ्या वेली, मोंटाना त्यातलीच. त्यांच्या कळ्या गेल्या वर्षीच्या काडीवर आधीच धरलेल्या असतात, म्हणून फुलं संपल्याबरोबर हलकी छाटणी करायची, त्यानंतर हात लावायचा नाही. तिसऱ्या गटात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलणाऱ्या वेली, जॅकमनीसारख्या. त्या त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात. त्यांना थंडी संपता संपता जमिनीपासून वीतभर-हातभर ठेवून बेधडक कापायचं. मधला दुसरा गट मोठ्या फुलांच्या वेलींचा. त्यांना पहिली फुलं जुन्या काडीवर येतात आणि नंतरची थोडी नव्या फुटीवर, म्हणून त्यांचे वाळलेले शेंडे तेवढे काढायचे.

हे वाचलं आणि मला परसातली भिंत आठवली. पहिला गट म्हणजे सासूबाईंची पोटुशी वेल. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण वेलीच्या पोटात पुढच्या हंगामाची फुलं महिनोन् महिने आधी असतात आणि त्या काळात तिला पात लावायचं नसतं, हे त्यांना एका शब्दात सांगता आलं होतं.

पुस्तक वाचून शहाणपण येतं तसा मूर्खपणाही येतो. २००९ साली मी डोंगराळ भागातल्या एका रोपवाटिकेतून पार्सलनं क्लेमॅटिसची दोन रोपं मागवली. हिवाळाभर ती बरी वाढली. पुस्तकात तिसऱ्या गटासाठी लिहिलं होतं, की फेब्रुवारीअखेर कठोर छाटणी. मी अक्षरशः तसंच केलं. आठ-दहा दिवसांत डोळे फुटले, पोपटी धुमारे आले आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्या धुमाऱ्यांची टोकं काळी पडली. एप्रिलमध्ये एक रोप गेलं, मेमध्ये दुसरं. रोपवाटिकेचा त्यात दोष नव्हता. इंग्लंडात फेब्रुवारी संपला की पुढं तीन महिने गार, ओलसर वसंत असतो. नवी फूट हळूहळू जून होते. लातूरला फेब्रुवारी संपला, की पुढं उन्हाळा उभा. नांदेडला तर मे महिन्यात पारा ४४ अंशांच्याही पुढं जातो. इंग्रजी पुस्तकातला 'फेब्रुवारी' हा खरं तर महिना नव्हे. 'नव्या फुटीला सोसवेल असा काळ सुरू होण्याच्या जरा आधी' एवढाच त्याचा अर्थ. मराठी सदरांनी शब्द उचलला आणि अर्थ तिकडेच ठेवला. अशा सदरांवर विसंबून मार्चमध्ये वेल भादरणाऱ्या किती जणींना मी कॉलनीत पाहिलं आहे!

मग आपल्याकडे हा काळ कधी येतो? याचं उत्तर मला एका रानवेलीनं दिलं, आणि गंमत अशी की ती क्लेमॅटिसच निघाली.

एका वर्षी दिवाळीनंतर आम्ही माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेलो होतो. दत्तशिखराकडे जाताना रस्त्याकडेच्या झुडपांवर पांढरट रेशमी पिसांचे पुंजके दिसले. वेलीला फूल नव्हतं, पानं पिवळी पडत होती, पण प्रत्येक बीला मऊ केसांची लांब शेपटी होती. सोबतच्या एका आजीबाईंनी सांगितलं, "मोरवेल हाय ती." घरी येऊन चाळाचाळ केली तेव्हा कळलं, की मोरवेल, रानजाई ही नावं महाराष्ट्रात क्लेमॅटिसच्याच जातींना आहेत. क्लेमॅटिस ट्रायलोबाची फुलं पांढरी, चांगली ठसठशीत. क्लेमॅटिस गौरियानाची बारीक, झुपक्यांनी येणारी. 'गौरियाना' हे नाव बंगालच्या गौर या जुन्या राजधानीवरून पडलं. मराठी विश्वकोशानं तर रॅनन्क्युलेसी या अख्ख्या कुळालाच मोरवेल कुल म्हटलं आहे. ज्या वेलीसाठी मी पार्सल मागवलं, तिची बहीण आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात माणसाच्या मदतीशिवाय नांदत होती.

तिच्याबद्दल पुस्तकांत शोधायला गेले तर आणखी एक अडचण. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, इलाख्याच्या हद्दीबाहेर. आमच्या मुलखाच्या वनस्पतींचं सविस्तर पुस्तक, प्रा. व्ही. एन. नाईक यांचं 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', दोन खंडांत १९९८ साली आलं. मधली नव्वद वर्षं इथल्या झाडांची माहिती हवी असेल तर शेजारच्या मुलखावर लिहिलेल्या पुस्तकावरून अंदाज बांधायचा, अशी स्थिती होती. छाटणीचे महिने परगावाहून आले यात मग नवल ते काय.

मोरवेलीचं औषधी नाव मूर्वा. मूर्वा नक्की कोणती, यावर वैद्यांमध्ये जुना वाद आहे. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती त्या नावानं विकल्या जातात आणि महाराष्ट्रात मोरवेल. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या धाग्यांची सांगितली आहे, धनुष्याच्या दोरीसारखी. ती मूर्वा म्हणजे हीच मोरवेल, असं मी म्हणणार नाही. पण मोरवेलीची वाळलेली काडी पिळून पाहिली, तर दोर व्हायला ती पुरेशी चिवट आहे. तिच्या ताज्या चिकाला मात्र जपावं. अंगाला लागला की आग होते, फोडही येतात. युरोपात क्लेमॅटिसच्या एका जातीला भिकाऱ्यांची वेल म्हणत. तिचा रस चोळून अंगावर जखमा उठवायच्या आणि दया मिळवायची, अशी रीत होती म्हणे. छाटणी करताना मी जुने हातमोजे घालते.

रस्त्याकडेला गळून पडलेली मूठभर पिसं मी पिशवीत आणली. बी उगवायला फार वेळ लागतो. मी आशा सोडली होती तेव्हा दोन अंकुर दिसले. त्यातली एक वेल आजही कुंपणावर आहे. तिचं वर्ष असं चालतं. उन्हाळ्यात ती वाळक्या दोऱ्यांचं जाळं असते, पाहुणे विचारतात की हे काढत का नाही. मृगाचे दोन पाऊस झाले की बुडाजवळून आणि खालच्या पेरांतून धुमारे निघतात. दोन महिने नुसती वाढ. ऑगस्टअखेरीस नव्या फुटीवर फुलं सुरू होतात, दसऱ्यापर्यंत चालतात. दिवाळीत पिसं. म्हणजे तिसऱ्या गटाचा जसाच्या तसा नियम, फक्त इंग्लंडात जिथं थंडी संपते तिथं आपल्याकडे उन्हाळा संपतो. तिकडचा फेब्रुवारी म्हणजे इकडचा मे महिन्याचा शेवटचा आठवडा. तेव्हापासून मी तिला रोहिणी नक्षत्रात हातभर ठेवून कापते, आणि तिनं एकाही वर्षी फुलं चुकवलेली नाहीत.

वेलीचे हे दोन प्रकार, जुन्या काडीवर फुलणारे आणि नव्या फुटीवर फुलणारे, आपल्या शेतकऱ्याला नवे नाहीत. दुकानात औसा तालुक्यातले द्राक्षबागायतदार यायचे. द्राक्षाची वेल थंड देशात हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. महाराष्ट्रात ती झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला गोडी छाटणीही म्हणतात. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी त्या काडीवरचे डोळे फोडण्यासाठी. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा अतिसूक्ष्म आकार बनतो. बागायतदार त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. त्या वेळी भरपूर ऊन लागतं. आभाळ दाटून राहिलं किंवा काडीवर पानांची गर्दी झाली, तर डोळे वांझ निघतात. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीआधी जाणते लोक काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते पाहून कात्री मारतात. एका बागायतदाराला मी सासूबाईंचा शब्द सांगितला. तो म्हणाला, "ताई, मग आमची ती तपासणी म्हणजे सोनोग्राफीच की!"

फुलवेलींसाठी अशी प्रयोगशाळा नाही. पण स्वतः शोधायचा मार्ग सोपा आहे. वेल फुलावर असताना एक फुलाची काडी धरून बोटानं मागं मागं जायचं. फूल ज्या काडीवर आहे ती हिरवी, लवचीक, याच हंगामात फुटलेली असेल तर वेल नव्या फुटीची. काडी करडी, सालीला भेगा पडलेली, किंवा चार-पाच महिन्यांपूर्वी वाढ थांबवून बसलेली असेल तर वेल पोटुशी राहणारी. या पद्धतीनं मी आमच्याकडच्या वेली लावून घेतल्या. मधुमालती, जाई, जुई, बोगनवेल, कृष्णकमळ, गोकर्ण या नव्या फुटीच्या. संक्रांतवेल, कुंद आणि हळदवेल म्हणजे जुन्या काव्यांतली माधवी, या थांबून फुलणाऱ्या. या तिघींची फुलं थंडीत किंवा थंडी सरता सरता येतात आणि त्यांची तयारी पावसाळ्यानंतरच्या वाढीवर होते, म्हणून फुलं ओसरली की लगेच कात्री आणि पोळा उलटून गेल्यावर अजिबात नाही. आपल्याकडे घराची सफाई नेमकी नवरात्र ते दिवाळी या काळात निघते आणि भिंतीवर जे हिरवं दिसेल ते सरसकट उतरवलं जातं. 'आमच्या संक्रांतवेलीला फुलंच येत नाहीत' ही तक्रार घेऊन जे कोणी येतात, त्यांना मी एकच विचारते, तुमच्याकडे रंगारी कधी येतो?

मधुमालतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लातूरच्या नव्या वसाहतींत तिच्याइतकी वेल दुसरी नाही आणि तिच्याइतकी वाईट छाटणीही कुणाची होत नाही. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. रात्रीचे पतंग पांढऱ्यावर येतात, दिवसाचे कीटक रंगावर. रुम्फियस या सतराव्या शतकातल्या अभ्यासकानं तिला 'क्विस्क्वालिस' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? कशी?'. मलायी नावातल्या ध्वनीवर केलेला तो श्लेष आहे. आता शास्त्रज्ञांनी ते नाव बदललं, पण एवढं गमतीदार नाव गेल्याची मला हळहळ वाटते. तर ही वेल नव्या फुटीच्या टोकाला फुलते. लोक तिला वरून, छज्जाच्या रेषेत, केस कापल्यासारखी सरळ कापतात. शेंडा असतो तोवर त्याच्यातलं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की कापाच्या लगत खालचे चार-सहा डोळे एकदम फुटतात. त्यामुळे सगळी फूट वरच्या वर गोळा होते, खाली बांबूसारखी उघडी खोडं राहतात आणि फुलं गच्चीवरच्या माणसांना दिसतात. तिची दोन-तीन जुनी जाड खोडं दरवर्षी बुडातून काढावीत. खालून नवी येतात, आणि तीच दारात फुलतात. पान गळल्यावर देठाचा खुंट काट्यासारखा टणक होऊन खोडावर राहतो; त्यावर अडकूनच ती चढते. कापलेलं खोड हिसकून ओढू नये, तुकडे करून काढावं.

जाईची गोष्ट वेगळी, आणि इथं वह्यांनी मला फसवलं.

माहेरी, नांदेडच्या जुन्या भागातल्या घरी, आडाजवळ जाईचा मांडव होता. आई दर जानेवारीत, संक्रांत झाली की, ती गुडघ्याएवढी ठेवून कापायची. आधी पंधरा दिवस पाणी तोडायची, म्हणजे मोसंबीच्या बागेला बहार धरण्यासाठी ताण देतात तसंच. मग छाटणी, शेणखत आणि रोज आडाचं पाणी. उन्हाळाभर घरात गजरे. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी मी पुढं वाचल्या, तर मोगऱ्याला नोव्हेंबरअखेर, जाई-चमेलीला डिसेंबरअखेर, जुईला जानेवारीअखेर छाटणी आणि तीही साधारण गुडघ्याच्या उंचीवर. आईचा हिशेब त्याला जुळतच होता. त्याच जाईचं कलम मी लातूरला आणलं आणि आईच्याच तारखेला कापत राहिले. वह्यांत वर्षानुवर्षं तीच नोंद आहे: जानेवारीत छाटणी, मार्चपासून फुलं.

२०१४ आणि २०१५, दोन्ही पावसाळे कोरडे गेले. २०१६च्या जानेवारीत मी सवयीनं जाई कापली. फेब्रुवारीत ती अंगभर फुटली. मग नळाला पाणी येईना. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. बातम्यांत ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या गल्लीत बायका रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या, आणि अशा वेळी वेलीला पाणी घालणं हे पाप वाटायचं. कुणी पाहू नये म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी अंधारात नेऊन ओतायची. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. संध्याकाळी त्यांच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं उरलेलं पाणी त्या पहाटे जाईच्या आळ्यात टाकत. मला ते दिसायचं. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. जाई मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. बुडाला नख लावून पाहिलं, आतही हिरवं नव्हतं.

शेजारच्या भिंतीवरची मधुमालती त्या वर्षी कुणी कापली नव्हती. मार्चमध्येच तिनं सगळी पानं टाकली आणि काटक्या होऊन उभी राहिली. आम्ही ती मेली असं धरून चाललो होतो. जूनमध्ये बुडातून फुटली. कुंपणावरची मोरवेल तर दरवर्षीसारखीच वाळून पडली होती, तिला दुष्काळ आहे की नाही हेही कळलं नसावं. पाऊस पडल्यावर तिलाही फूट आली.

मला हे समजायला इतकी वर्षं का लागली, याचं वाईट वाटतं. वेलीनं खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर नवी फूट निघते. छाटणी केली, की तो साठा आपण तिला खर्च करायला लावतो. नवी पानं मोठी होऊन परतफेड करेपर्यंत पाणी अखंड लागतं. कोवळं पान पाणी सर्वांत जास्त उडवतं. आडाजवळची आई जानेवारीत कापू शकत होती कारण मेपर्यंतचं पाणी तिच्या दारात होतं. माझ्या दारात ते नव्हतं. जात तीच, कलमही तिच्याच वेलीचं; पण नांदेडच्या त्या घराची तारीख लातूरच्या या घरात चालणारी नव्हती. म्हणून आता वहीत प्रत्येक वेलीपुढं दोन प्रश्न असतात. फुलं कोणत्या काडीवर? आणि कात्रीनंतरचे तीन महिने पाणी कुठून? दुसऱ्याचं उत्तर 'बोअर, खात्रीचं' असं असेल तर जाईला जानेवारी. 'टँकर' किंवा 'बघू' असं असेल तर मृगाच्या तोंडावर, मोरवेलीबरोबर. जूनमध्ये कापलेली जाई उन्हाळ्यात गजरे देत नाही, श्रावणानंतर देते. ते पत्करावं.

२०१७च्या पावसाळ्यात आईनं पुन्हा कलम दिलं. या वेळी ते भिंतीपासून दीड हात लांब लावलं आणि बुडाशी शहाबादी फरशीचे दोन तुकडे आडवे ठेवले. क्लेमॅटिसच्या पुस्तकात एक सल्ला होता, की मुळं सावलीत आणि डोकं उन्हात हवं. महिने जरी इथं चालले नाहीत, तरी हा सल्ला काळ्या मातीत सोन्यासारखा आहे. आमची माती मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते आणि भेग पडताना बारीक मुळं तोडते. फरशीखाली, किंवा तुराट्या आणि सोयाबीनचं भुसकट यांच्या थराखाली, ती तेवढी फाटत नाही. पावसाळ्यात उलटं, तीच माती पाणी धरून बसते, म्हणून आळं खोल न करता बुंध्याशी मातीचा उंचवटा ठेवावा आणि भुसकट खोडापासून वीतभर लांब सरकवावं.

आता हाताच्या कामाबद्दल. विळा मी १९९२ नंतर वापरला नाही. द्राक्षवाले वापरतात ती सिकेटर घ्यावी. ती काडी चिरडत नाही. काप डोळ्याच्या वर पाव इंच, डोळ्यापासून उलट दिशेला उतार देऊन. कापायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघावं. वाळलेलं, रोगट आणि एकमेकांवर घासणारं आधी काढलं, की बरेचदा उरलेलं काम थोडंच असतं. थांबून फुलणाऱ्या वेलींची छाटणी एका वर्षात संपवू नये. जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा यंदा, तिसरा पुढच्या वर्षी. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी. घरच्यापुरती करायची तर शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं कधीच नको. खत कापाच्या दिवशी घालायचं नाही. डोळे फुटून बोटभर फूट दिसली की मग, तेही कुजलेलं शेणखत. वेल बांधायला सुतळी, आणि तिच्यात करंगळी जाईल एवढा सैलपणा. नायलॉनची दोरी दोन वर्षांत सालीत रुतते. मोरवेलीला दोरीची गरजच पडत नाही, ती देठांनी स्वतः धरते. तिला फक्त बारीक काटक्यांचा किंवा जाळीचा आधार हवा, कारण तिचा देठ जाड बांबूला वेढा घालू शकत नाही.

आज आमच्या भिंतीवर तीच संक्रांतवेल आहे, वर बुडापासून आलेली नवी खोडं धरून. सासूबाई आता नाहीत. रंगारी बदलला आहे. पूर्वीच्याचा मुलगा येतो, आणि चुन्याऐवजी डबे घेऊन येतो. नवरात्र बसलं की मी संक्रांतवेलीच्या आणि कुंदाच्या खोडांना लाल चिंधी बांधते. त्याचा अर्थ त्याला ठाऊक आहे. चिंधी दिसली की तो बांबू मागतो आणि वेल उचलून धरायला कुणीतरी बोलावतो.